पायलट लिहायचा, तर आधी सातवा भाग सुचायला हवा

ड्रामा मालिका लिहायला बसलेल्या बहुतेकांकडे एक गोष्ट असते, आणि ती ते पहिल्याच भागात सांगून टाकतात. पन्नास-साठ पानं होतात, शेवटी नायिकेला सत्य कळतं, वाचणारा म्हणतो, "छान आहे. पुढे काय?" आणि पुढे काहीच नसतं. पायलट, म्हणजे मालिकेचा पहिला भाग, हा स्वतः पूर्ण भाग असावा लागतो, शिवाय पुढचे भाग कसे असतील याचा नमुनाही त्यात दिसावा लागतो. निर्माता किंवा वाहिनीचा माणूस संहिता वाचताना मनात एकच हिशेब करत असतो: हे किती काळ चालेल? म्हणून या लेखात प्रत्यक्ष पहिल्या पानापर्यंत पोहोचायला बराच वेळ लागणार आहे. पायलट फसतो तो बहुधा त्या पानाच्या आधीच.

इथे मी ४५ ते ६० मिनिटांचा, दर आठवड्याला किंवा सबंध सीझन एकदम येणारा ड्रामा धरला आहे. रोजच्या मालिकेची लय आणि लिहिण्याची पद्धत बरीच वेगळी असते, पण इंजिनाबद्दल पुढे जे म्हटलंय ते तिलाही लागू पडतं.

आधी चिरफाड करा

आवडलेल्या तीन मालिकांचे पायलट निवडा. एकदा नुसते बघा. दुसऱ्यांदा वही आणि घड्याळ घेऊन बसा आणि प्रत्येक सीन संपला की थांबवा. एका ओळीत लिहा: कितव्या मिनिटाला सीन सुरू झाला, कोणाला काय हवं होतं, सीन संपताना काय बदललं. काम कंटाळवाणं आहे, तरी करा. लेखनाची दहा पुस्तकं वाचून जे कळत नाही ते या यादीतून कळतं. बहुतेक सीन दोन-तीन मिनिटांत आटोपतात. मुख्य पात्र आपल्याला पहिल्यांदा दिसतं ते काहीतरी करताना, आणि त्या करण्यातूनच त्याचा स्वभाव समजतो. ज्या सीनमध्ये काहीच बदलत नाही, असा सीन चांगल्या पायलटमध्ये शोधून सापडत नाही.

मग त्याच मालिकेचा तिसरा किंवा चौथा भाग बघा. हे सहसा कोणी करत नाही. पायलटमध्ये थाटमाट असतो, नेहमीची घडी पुढच्या भागांत दिसते. दोन्हींत जे समान उरतं, ते त्या मालिकेचं इंजिन.

अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावरच्या 'द वेस्ट विंग'चा १९९९ चा पायलट या दृष्टीने बघण्यासारखा आहे. भागभर सगळे राष्ट्राध्यक्षांविषयी बोलत राहतात, आणि ते स्वतः येतात शेवटच्या काही मिनिटांत. मालिका त्यांच्याभोवती राबणाऱ्या माणसांची आहे, हे कोणीही वाक्यात सांगत नाही. राष्ट्राध्यक्षांना इतका वेळ दाराबाहेर ठेवल्यामुळे ते आपोआप कळतं.

बघून झालं की त्या पायलटची मूळ संहिता मिळते का पाहा. इंटरनेटवर पुष्कळ संहिता आहेत, पण त्यांत भाग बघून कोणीतरी उतरवून काढलेले संवादही मिसळलेले असतात. त्यातून संवाद कळतील, लेखन कळणार नाही. लेखकाने चित्र कागदावर कसं मांडलंय हे ज्यात दिसतं, तीच संहिता वाचा.

इंजिन

दर भागात नवी अडचण मालिकेच्या दारात कोण आणून टाकतं, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे इंजिन. हॉस्पिटल, पोलीस ठाणं, कोर्ट यांच्यावर इतक्या मालिका का येतात, तर तिथे अडचण स्वतःच्या पायांनी चालत येते. कौटुंबिक मालिकेत तशी सोय नसते. तिथे एखादं गुपित, एखादी वाटणी किंवा कोणाला तरी झाकून ठेवावी लागणारी एखादी गोष्ट ते काम करते. सगळ्यांत चांगल्या मालिकांत बहुधा दोन्ही असतं: बाहेरून येणारी आठवड्याची अडचण, आणि आतून कुरतडणारी लांब पल्ल्याची.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे शेवटपर्यंत त्यावरच बोलता येईल. मृदुला, वय ३८, एका विमा कंपनीत मृत्यूच्या क्लेमची चौकशी करते. माणूस गेला, नॉमिनीने पैसे मागितले, आणि कंपनीला शंका आली की मृदुला त्या घरी जाते. खोटं पकडण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. कारण ती स्वतः खोट्यात वाढली आहे. ती १७ वर्षांची असताना तिचे वडील नदीत बुडाले असं सगळ्यांनी मानलं. मृतदेह मिळाला नाही. अनेक देशांच्या कायद्यात सात वर्षं थांगपत्ता नसलेली व्यक्ती मृत मानता येते. तशी सात वर्षं भरल्यावर तिच्या आईला पैसे मिळाले. पण त्याआधी, तिसऱ्या वर्षी, वडिलांचा एकदा फोन आला होता. तो मृदुलाने उचलला आणि कोणालाही सांगितलं नाही.

इथे दोन्ही इंजिनं आहेत. दर भागाला नवा क्लेम, नवं घर, शोकाचा खरा-खोटा चेहरा. आणि सीझनभर पुरणारा प्रश्न: खोटं पकडणारीचं खोटं कोण पकडणार?

आता तुमच्या कल्पनेची परीक्षा घ्या. दहा भागांच्या एकेका ओळीच्या कथा लिहा. दुसरा, तिसरा, चौथा सहज सुचतात, कारण ते पायलटची शेपटी असतात. पाचव्या-सहाव्याला ओढाताण सुरू होते. सातवा भाग महत्त्वाचा. तोवर मनात आधीपासून साठवलेलं सगळं संपलेलं असतं आणि इंजिन स्वतः काही देतंय का, हे कळतं. आपल्या उदाहरणात सातवा असा सुचतो: एक म्हातारी क्लेम करायला येत नाही, परत द्यायला येते. वीस वर्षांपूर्वी मिळालेले पैसे खोट्याने मिळाले होते, आता मरण्याआधी ते फेडायचे आहेत तिला. मृदुलाला तिची समजूत घालून परत पाठवायचं आहे, कारण असं एक जुनं प्रकरण उघडलं की बाकीचीही उघडतील. ही कथा पायलटमधून नाही, इंजिनातून आली. सातवा भाग सुचत नसेल तर पायलटला हात लावू नका. तुमच्याकडे कदाचित उत्तम सिनेमा आहे, तो लिहा.

माणसं

पात्रांची लांबलचक माहिती भरायचे तक्ते मिळतात: जन्मगाव, आवडता रंग, लहानपणीची भीती. भरायला मजा येते, उपयोग फारसा होत नाही. मुख्य पात्रासाठी तीन गोष्टी पुरतात. तिला उघडपणे काय हवं आहे, ती काय लपवते आहे, आणि या दोन्हींत भांडण आहे का? मृदुलाला आपलं काम चोख हवं आहे, आणि चोखपणाच तिला एक दिवस स्वतःच्या घरापर्यंत नेणार आहे. अशी गाठ असली की पात्र सीनमध्ये स्वतःहून बोलायला लागतं.

बाकीची पात्रं त्या गाठीला वेगवेगळ्या बाजूंनी ओढणारी हवीत. सलील हा तिचा सहकारी. बिनमृतदेहाच्या जुन्या क्लेमची फेरतपासणी करण्याचं काम त्याच्याकडे नुकतंच आलं आहे. तो दुष्ट नाही, मेहनती आहे, आणि मृदुलाकडूनच काम शिकला आहे. इथे खलनायक आणायचा मोह होतो, आवरा. आवडणाऱ्या माणसाकडून पकडलं जाण्याची भीती कित्येक भाग पुरते, खलनायकाची भीती तीन भागांत शिळी होते. तिसरी आई. आईला नवरा जिवंत असल्याचं माहीत आहे की नाही, हे मृदुलाला माहीत नाही. दोघी एका घरात राहतात आणि त्या विषयावर कधीच बोलत नाहीत. त्यांचा साधा जेवणाचा सीनही आता कंटाळवाणा होऊ शकणार नाही.

पायलटमध्ये नावानिशी लक्षात राहायला हवीत अशी पात्रं पाच-सहाच ठेवा. बाकीच्यांना "शेजारीण", "क्लार्क" म्हटलं तरी चालतं. आणि मृदुला, मृणाल, मंदार अशी एकाच अक्षराने सुरू होणारी नावं टाळा. संहिता भरभर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

सुरुवात कुठून करायची

एक प्रकार असा की जगच पायलटमध्ये घडतं: नायक नव्या शहरात येतो, नोकरी लागते, खून होतो. दुसऱ्या प्रकारात जग आधीपासून चालू असतं आणि आपण मधल्याच एका दिवशी आत शिरतो. नवशिके पहिल्याकडे वळतात, कारण तो समजावून सांगायला सोपा. पण त्यात अर्धा भाग मांडामांडीत जातो आणि मालिका रोज कशी दिसेल ते शेवटपर्यंत कळत नाही. मला मधला मार्ग आवडतो. जग चालू आहे, पण आज पहिल्यांदाच असं काहीतरी घडतं की उद्यापासून ते तसंच चालणार नाही. मृदुला गेली बारा-तेरा वर्षं हे काम करते आहे. आज पहिल्यांदा ती जाणूनबुजून खोटं पास करणार आहे.

आराखडा: इथे दिवस घालवा

जाहिराती असलेल्या वाहिनीवर एक तासाच्या जागेत प्रत्यक्ष कथा साधारण ४२ ते ४४ मिनिटांची असते. म्हणून ती टीझर (सुरुवातीचा छोटा तुकडा) आणि चार-पाच ॲक्ट (कथेचे मोठे टप्पे) अशी तोडलेली असते, आणि प्रत्येक ॲक्ट असा संपतो की जाहिरात संपेपर्यंत माणसाने चॅनेल बदलू नये. स्ट्रीमिंगवर जाहिरातीचं बंधन नसेल तर कागदावर "ॲक्ट एक" वगैरे लिहिण्याची गरज नाही. पण आराखडा करताना ॲक्ट धराच. दर दहा-बारा मिनिटांनी जमीन सरकली नाही, तर भाग मध्येच बसतो.

आपल्या पायलटचे सांधे असे:

टीझर, तीन पानं. एका मुलाने वडील वारल्याचा क्लेम केला आहे. मृदुला घरी येते, सांत्वन करते, बाथरूम वापरू का म्हणून विचारते. बाहेर येऊन शांतपणे कागद आवरते. कपात दोन टूथब्रश आहेत, आणि दोन्ही ओले आहेत.

पहिला ॲक्ट संपतो तेव्हा तिच्या टेबलावर नवी फाइल येते: नदी, काठावर कपडे, मृतदेह नाही, सात वर्षं पूर्ण, कोर्टाचा आदेश सोबत. चौकशी निव्वळ उपचार म्हणून करायची आहे.

दुसऱ्याच्या शेवटी ती त्या घरातल्या १६ वर्षांच्या मुलाला त्या दिवसाबद्दल विचारते. तो सांगतो. नंतर ती सात वर्षांपूर्वीचा पोलिसांचा जबाब वाचते, तेव्हा तो ९ वर्षांचा होता. दोन्ही शब्दशः तेच आहेत. खरी आठवण मुलाबरोबर वाढते आणि बदलते. पाठ केलेलं बदलत नाही.

तिसऱ्याच्या शेवटी सलील सहज विचारतो, "जुन्या फायलींत एक सापडली. पत्ता तुझ्या आईच्या घराचा आहे. काही माहितीय?"

चौथ्याच्या शेवटी तिला तो "मेलेला" माणूस सापडतो. रस्त्याच्या पलीकडून ती त्याला बघते. ती त्याला दिसत नाही.

पाचव्यात ती क्लेम मंजूर करते. का, ते शेवटाबद्दल बोलताना पाहू.

नदीच्या कुटुंबाचा क्लेम ही ए-स्टोरी, म्हणजे मुख्य कथा, सलीलच्या जुन्या फायली ही बी-स्टोरी, म्हणजे दुय्यम कथा, आणि आई-मुलगी हा बारीक धागा, चार-पाच सीनचा. तिन्ही एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या अंगांनी भिडतात, आणि पाचव्या ॲक्टमध्ये त्यांची टक्कर होते. टक्कर होत नसेल तर बी-स्टोरी भरताड आहे असं समजा.

हे सगळं कार्डांवर लिहा, एक सीन एक कार्ड. भिंतीवर लावा, जमिनीवर पसरा, काहीही करा, पण सगळा भाग एका नजरेत दिसला पाहिजे. तीस ते चाळीस कार्डं होतील. मग दोन शेजारच्या कार्डांमध्ये "म्हणून" किंवा "पण" हा शब्द बसतो का बघा. "आणि मग" एवढंच बसत असेल तर तिथे कथा चाललेली नाही, घटना एकामागून एक घडताहेत. कार्डांवरून सात-आठ पानांचा सलग आराखडा लिहा, संवादांशिवाय. तो एखाद्याला वाचायला द्या आणि कुठे मोबाइल हातात घेतो ते बघा.

पहिली पाच पानं

संहिता वाचणाऱ्यांच्या टेबलावर गठ्ठा असतो. पाचव्या पानापर्यंत त्यांना मालिकेचा सूर कळला पाहिजे: गंभीर, उपरोधिक, भीतिदायक, जो असेल तो. स्वप्नाने सुरुवात नको, गजर वाजून उठण्याने नको. "तीन दिवसांपूर्वी" असं लिहून मागे जाणंही शक्यतो नको. मधला भाग रोचक नाही म्हणून शेवट आधी दाखवण्याची ती बहुतेक वेळा पळवाट असते.

टीझरमध्ये मृदुला हुशार दिसते, आणि थोडी क्रूरही. त्या मुलाला ती ओरडत नाही. त्याने केलेला चहा पूर्ण पिते आणि मगच क्लेम नाकारते. प्रेक्षकाला ती आवडलीच पाहिजे असा आग्रह धरू नका. तिच्यावरून नजर हलू नये एवढं पुरे.

माहिती कशी द्यायची

पायलटचं हे सगळ्यांत अवघड काम, आणि अनुभवी माणसंही इथे अडकतात. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा मूळ पायलट २००९ साली चित्रित झाला. निर्मात्यांनी तो मित्रांना दाखवला तेव्हा जेमी आणि सर्सी ही बहीण-भाऊ आहेत हेच बघणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही, आणि भागाचा शेवटचा धक्का तर त्याच नात्यावर उभा होता. २०११ साली मालिका आली तोवर त्या भागाचा बहुतांश पुन्हा चित्रित झाला होता. लेखकाला नातं इतकं पाठ असतं की ते कागदावर उतरलेलं नाही हे त्याला दिसतच नाही.

यावर घाबरून लोक दुसऱ्या टोकाला जातात: "तू माझी सख्खी बहीण, गेली दहा वर्षं आपण बोललो नाही." असं कोणी कोणाला सांगत नाही. माहिती द्यायची तर ती कोणाच्या तरी हातातलं हत्यार करा. भांडणात माणसं एकमेकांना माहीत असलेलंच ऐकवतात, कारण त्यांना टोचायचं असतं. दुसरा उपाय: ज्याला खरंच माहीत नाही असा माणूस आणा, पण त्याला ते कळण्याची निकडीची गरज द्या. सलीलला फाइल बंद करायची आहे, म्हणून तो विचारतो. त्याच्या प्रश्नांतून प्रेक्षकाला मृदुलाच्या वडिलांविषयी कळतं, आणि प्रत्येक उत्तराबरोबर तिचा धोका वाढतो.

म्हणून एक यादी करा: हा भाग समजायला प्रेक्षकाला कोणत्या गोष्टी माहीत असायलाच हव्यात? साधारण दहा-बारा निघतात. बाकी सगळं दुसऱ्या भागावर ढकला. तुम्ही रचलेल्या जगाचा किती अभ्यास केलाय हे पायलटमध्ये दाखवायची गरज नसते.

संवाद

मराठीत लिहिताना एक सवय मोडावी लागते. आपण शाळेत जी मराठी लिहायला शिकलो, ती बोट धरून संवादात येते. "मी उद्या तुझ्याकडे येणार आहे" असं पात्र म्हणतं, तेव्हा ते पात्र बोलत नसतं, लेखक लिहीत असतो. "उद्या येते तुझ्याकडे" म्हटलं की तोंडातलं वाटतं. प्रत्येक पात्राची वाक्यं वेगळी करा: एक अर्धवट सोडणारी, एक प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देणारी. मग नावं झाकून वाचा. कोण बोलतंय ते कळलं पाहिजे.

संवादाचा मुख्य विषय सहसा शब्दांत नसावा. तिसऱ्या ॲक्टचा शेवट असा लिहिता येईल:

इंट. क्लेम विभाग – रात्र

बहुतेक दिवे बंद. मृदुला पर्स आवरते आहे. सलील एक पिवळी पडलेली फाइल घेऊन येतो, तिच्या टेबलाच्या कडेवर बसतो.

सलील
निघालीस?

मृदुला
आई वाट बघत असेल.

सलील
अजून नदीजवळच राहतात ना त्या? जुनं घर?

मृदुलाचा हात चेनवर थांबतो.

मृदुला
का रे?

सलील
काही नाही. एका फायलीत पत्ता दिसला. म्हटलं, तुला विचारावं आधी.

मृदुला पर्सची चेन लावते. पूर्ण, शेवटपर्यंत.

मृदुला
उद्या बघू. दमलायस तू, घरी जा.

इथे कोणीही आरोप केलेला नाही. "आधी" या शब्दात सलीलचा भलेपणा आहे आणि धमकीही, दोन्ही त्याच्या नकळत. कॅमेऱ्याच्या सूचना कुठे नाहीत. हात थांबला असं लिहिलं की क्लोजअप दिग्दर्शकाला आपोआप दिसतो. तसंच "मृदुलाच्या मनात वडिलांच्या आठवणी दाटून येतात" हे संहितेत लिहू नका. पडद्यावर ते कोणाला दिसणार नाही.

कागदावरची मांडणी

यावर फार वेळ घालवू नका, पण गबाळेपणाही नको. सीनचं शीर्षक: आत (इंट.) की बाहेर, ठिकाण, दिवस की रात्र. मग ॲक्शन, वर्तमानकाळात, एका वेळी तीन-चार ओळींपेक्षा जास्त नाही. पात्राचं नाव, त्याखाली संवाद. पात्राने कसं बोलायचं ते कंसात क्वचितच.

इंग्रजी संहितेत १२ पॉइंट कुरिअर फॉन्टचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असा ठोकताळा आहे, आणि त्यावरून तासाच्या ड्रामाची ५० ते ६० पानं धरतात. देवनागरीत तो डोळे झाकून लावू नका. फॉन्ट, अक्षराचा आकार, ओळींमधलं अंतर बदललं की हिशेब चुकतो. आपली पाच पानं मोठ्याने वाचा, हालचालींना वेळ देत, आणि घड्याळ लावा. त्यावरून तुमचं स्वतःचं प्रमाण काढा. संहितेसाठीची सॉफ्टवेअर्स आहेत, पण देवनागरी सगळ्यांत नीट चालतेच असं नाही. विकत घेण्याआधी जोडाक्षरं टाइप करून आणि पीडीएफ काढून बघा.

शेवट

पायलटच्या शेवटाने दोन कामं करायची असतात: आजची गोष्ट मिटवायची आणि मालिकेची उघडायची. फक्त दुसरं केलं तर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं. फक्त पहिलं केलं तर तो परत येत नाही.

'द शील्ड'च्या २००२ च्या पायलटच्या शेवटी मुख्य पोलीस अधिकारी आपल्याच पथकातल्या माणसाला गोळी घालतो. (बघितली नसेल तर माफ करा, पण हे उदाहरण टाळणं कठीण आहे.) तोवर तो वाकड्या वाटेने जाणारा, तरी कामाचा माणूस वाटत असतो. त्या एका कृतीने पुढच्या सगळ्या सीझनला लपवायला काहीतरी दिलं. लक्षात घ्या, हा धक्का बाहेरून येत नाही. मुख्य पात्र स्वतः निवड करतं. स्फोट, अपघात, अचानक परतलेला जुळा भाऊ यांनी भाग संपतो, मालिका सुरू होत नाही.

मृदुला क्लेम मंजूर करते, कारण त्या १६ वर्षांच्या मुलाने सात वर्षं जे पाठ केलं ते वाया जाऊ नये असं तिला वाटतं. कुटुंबाची गोष्ट मिटली. शेवटच्या सीनमध्ये ती गाडीत बसते आणि फोन लावते. आत्तापर्यंत प्रेक्षकाला वाटतंय की तिचे वडील खरोखर बुडाले. पलीकडून कोणीतरी उचलतं. ती म्हणते, "बाबा, तिथून निघा." कट.

हे गुपित आधीच सांगितलं असतं तर? तोही रस्ता होता. तेव्हा प्रेक्षक भागभर तिच्यासाठी घाबरला असता. लपवल्यामुळे तो शेवटी मागे वळून सगळा भाग नव्याने बघतो. दोन्ही रस्ते कागदावर ताडून बघा. पण लपवणार असाल तर एक पथ्य: पायलट दुसऱ्यांदा बघणाऱ्याला कुठेही लेखक खोटं बोललेला दिसता कामा नये.

पुन्हा लिहिणं

पहिला ड्राफ्ट थांबून-थांबून सुधारत बसू नका, संपवा. मग एक-दोन आठवडे बाजूला ठेवा. पुनर्लेखन सगळं एकदम करायला जाऊ नका, एका फेरीत एकच गोष्ट बघा. पहिल्या फेरीत फक्त रचना: कोणता सीन काढला तर कोणाला कळणार नाही? तो काढा. दुसऱ्यात फक्त मुख्य पात्र: निर्णय ती घेते, की तिच्यावर गोष्टी येऊन आदळतात? तिसऱ्यात प्रत्येक सीनची पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं खोडून बघा. बहुतेक सीन त्याविना सुधारतात. संवाद सर्वांत शेवटी, कारण खोडल्या जाणाऱ्या सीनमधले संवाद घासत बसण्यात अर्थ नाही.

मग चार-पाच जणांना बसवून वाचन करा. तुम्ही कोणतंही पात्र वाचू नका, ॲक्शनही दुसऱ्याला वाचू द्या. गप्प बसा आणि कुठे लोक सरसावून बसतात, कुठे पानं उलटून किती राहिलंय ते बघतात, याच्या खुणा करा. वाचन संपल्यावर "आवडलं का?" विचारू नका. विचारा: पुढच्या भागात काय होईल असं वाटतं? सगळ्यांकडे उत्तर असेल आणि उत्तरं वेगवेगळी असतील, तर काम जमलं आहे. सगळे एकच सांगत असतील तर तुमचा दुसरा भाग त्यांना आत्ताच कळला आहे.

पाठवण्याआधी

पायलटसोबत पाच-सहा पानांचं बायबल तयार ठेवा: मालिका दोन वाक्यांत, जग आणि सूर, मुख्य पात्रं, पहिल्या सीझनचा प्रवास, आणि ती दहा भागांची यादी. सातव्या भागाला तिथे चार ओळी जास्त द्या.

नुसत्या कल्पनेला कॉपीराइट मिळत नाही, ती ज्या शब्दांत मांडली त्याला मिळतो. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या सदस्य देशांत हा हक्क लिहिल्या क्षणी आपोआप तयार होतो, त्यासाठी नोंदणीची अट नाही. तरीही लेखकांच्या संघटनेकडे किंवा सरकारी कार्यालयात नोंद करून ठेवणं शहाणपणाचं, कारण वाद झालाच तर तारखेचा पुरावा हाताशी असतो. पाठवलेल्या प्रत्येक मेलची प्रत जपा.

पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड झालाय ना, हे दुसऱ्या कोणाच्या फोनवर उघडून तपासा. मुखपृष्ठावर नाव, संपर्क आणि मालिकेचं शीर्षक एवढंच. "ड्राफ्ट ९" लिहू नका.

आणि हा पायलट बनला नाही तरी तो वाचला जातो. मॅथ्यू वायनर यांनी 'मॅड मेन'चा पायलट विनोदी मालिकेत नोकरी करत असताना स्वतःहून लिहून ठेवला होता. तो वाचून त्यांना 'द सोप्रानोज'च्या लेखकांत घेतलं गेलं, आणि 'मॅड मेन' स्वतः पडद्यावर आली २००७ साली, लिहिल्यानंतर कित्येक वर्षांनी. म्हणून भेटीला बोलावणं आलं की समोरचा बहुधा तुमच्या पायलटबद्दल दहा मिनिटं बोलेल आणि मग विचारेल, "अजून काय लिहिलंय?" त्या प्रश्नासाठी दुसऱ्या पायलटचा निदान आराखडा बॅगेत असू द्या, आणि त्याचाही सातवा भाग.